आजीनं विचारलेला प्रश्न

आज दुपारी अंबाजोगाईच्या घरी ओसरीवर बसून मोबाइलवर बोस्नियातल्या युद्धाचा एक फोटो पाहत होतो. एप्रिल १९९२, बियेलिना गाव. फरशीवर माणसं पडलेली आणि एक बंदूकधारी, हातात सिगारेट, त्यांना लाथ मारायला पाय मागे घेतलेला.

ही अर्कान नावाच्या सर्ब टोळीप्रमुखाची माणसं. अर्कान मुळात दरोडेखोर. पश्चिम युरोपात बँका लुटल्या, तुरुंगातून पळाला, मग सर्बियाच्या राजधानीतल्या, बेलग्रेडच्या रेड स्टार फुटबॉल क्लबच्या दांडगट चाहत्यांचा म्होरक्या झाला. त्यातल्याच पोरांना घेऊन १९९०मध्ये त्यानं सशस्त्र दल उभं केलं. आणि १९९२च्या डिसेंबरात हाच माणूस खासदार म्हणून निवडून आला! वाचताना अंगावर काटा आला.

आजी मागून वाकून बघत होती. "रझाकार हायेत का रे हे?" पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाच्या रझाकारांच्या भीतीनं तिला कडब्याच्या गंजीत लपवलं होतं, तेव्हा ती सात वर्षांची.

"नाही गं आजी, लांबच्या देशातले."

"मग सरकारनं धरलं न्हाई व्हय?"

काय सांगू? सर्बियाच्या गुप्त पोलिसांचंच पाठबळ होतं अर्कानला. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयानं आरोप ठेवले, पण खटला उभा राहण्याआधीच जानेवारी २०००मध्ये बेलग्रेडच्या हॉटेलात त्याला गोळ्या घातल्या.

आजीनं मोबाइल बंद करायला लावला. रात्री ती जेवली नाही.