बिडाचा टब

दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका घरातून मला बोलावणे आले, तेव्हा टब काढून टाकायचा हे जवळजवळ ठरलेले होते. दीडशे किलोच्या आसपास वजनाचा बिडाचा टब दुसऱ्या मजल्यावरून अखंड उतरवणे अवघड असते, म्हणून तो जागीच फोडून तुकड्यांनी खाली नेतात. ठेकेदाराने त्यासाठी घण आणून ठेवला होता. घरमालकीण आंटी ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्यांनी मला एवढेच विचारले, "हा खरंच गेला आहे, की नुसता मळला आहे?"

मी लोहचुंबक लावून पाहिले, बोटाच्या पेराने टबाची कड वाजवली आणि मग खाली आडवा होऊन बॅटरीच्या उजेडात तळ तपासला. बीड कुठेही खाल्लेले नव्हते आणि सांडपाण्याचा सांधा कोरडा होता. गंज फक्त जाळीजवळ टवका उडाला होता तिथे, रुपयाएवढ्या जागेत होता. अशा टबाला रंग नसतो, लालबुंद तापलेल्या बिडावर काचेची पूड वितळवून केलेला मुलामा असतो. वर्षानुवर्षे ॲसिडने घासल्यामुळे त्याची चकाकी गेली होती. तळ सडलेला असता तर मीच टब काढायला सांगितले असते. इथे मात्र नव्या ॲक्रिलिक टबासाठी भोवतालच्या टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या, त्यांच्यामागून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागले असते आणि एवढे करून हाती आलेली वस्तू या बिडापेक्षा हलक्या दर्जाचीच ठरली असती. मी आंटींना टब राखायला सांगितले आणि त्यांनी लगेच होकार दिला.

अडचण वेगळीच निघाली. पूर्वी कोणीतरी टब नीट न घासता त्यावर कोट मारला होता आणि तो आता सायीसारखा सुटत होता. काही ठिकाणी मात्र तो इतका घट्ट बसलेला होता की पत्रीने, म्हणजे रंग खरवडायच्या पात्याने, निघेना. माझ्या मदतनिसाने त्यावर पेंट रिमूव्हर ओतले आणि मी खालच्या मजल्यावर पाइप पाहायला गेलो. परत आलो तेव्हा तो टबाच्या कडेवरून आत वाकलेला होता, पत्री हातात तशीच होती, पण हात हलत नव्हता. हाक मारली तर त्याने मान वर केली नाही. मी त्याला काखेत धरून बाहेर ओढले आणि गॅलरीत नेऊन बसवले. चार-पाच मिनिटांनी तो बोलू लागला, तरी त्याला मी थेट डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

त्या डब्यात मेथिलीन क्लोराइड होते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वर जात नाही, टबाच्या तळाशी साठून राहते आणि माणूस काम करताना नेमके तिथेच तोंड खाली घालतो. तोंडावरचा धुळीचा मास्क तिला अडवू शकत नाही. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबाचे काम करणारे १३ कामगार असेच दगावल्याची नोंद आहे, हे मी नंतर वाचले. बंद न्हाणीघरात त्या मुलाला एकटे सोडून मी गेलो ही माझी चूक होती आणि तिची आठवण अजूनही मला अस्वस्थ करते.

तो डबा मी पुन्हा उघडला नाही. उरलेला कोट मी पत्रीने आणि पॉलिश पेपरने दोन दिवस बसून काढला. टवक्यात इपॉक्सीची लांबी (पुटी) भरून ती मुलाम्याच्या पातळीला येईपर्यंत घासली, मग प्रायमर आणि त्यावर हार्डनर मिसळलेला कोट फवारला. तो मूळ काचेइतका टिकणार नाही, नीट वापरला तर दहा-एक वर्षे जाईल, हे मी आंटींना आधीच सांगितले होते. ॲसिड लावू नका, चोखणीवाली रबरी चटई टाकू नका आणि दोन दिवस पाणी सोडू नका, असेही बजावले. पण जाळीवरचा तांबूस ओघळ ज्या नळाच्या ठिबकण्यामुळे पडला होता तो तसाच राहिला असता, तर हे सारे वाया गेले असते. म्हणून निघण्यापूर्वी मी त्याचा वायसर बदलला आणि ठिबकणे थांबल्याची खात्री होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.