पहिलं सिझर पुण्यात, दुसरं बाळंतपण रेडिंगला, तेही नॉर्मल

दुसरं बाळ झाल्यापासून पुण्याच्या, सांगलीच्या मैत्रिणींचे, वहिन्यांचे, कॉलेज संपल्यावर कधी बोलणं न झालेल्या मुलींचेही मेसेज येतायत आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, पहिलं सिझर असताना दुसरं नॉर्मल झालंच कसं, आतले टाके सुटत नाहीत का, आणि डॉक्टर हो कसे म्हणाले. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यात लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. लांबेल, पण दोन ओळीत सांगितलं तर उगाच कोणीतरी अर्धवट ऐकून हट्टाला पेटायचं किंवा घाबरून जायचं.

आम्ही रेडिंगला राहतो, लंडनच्या पश्चिमेला. लेक झाली ती मात्र पुण्यात, माहेरी. दिवस भरत आले तेव्हा पाणी कमी झालंय म्हणून ॲडमिट केलं, कळा यायचं औषध लावलं, रात्रभर कळा दिल्या आणि सकाळी 'बाळ खाली सरकत नाहीये' म्हणून सिझर. लेक सुखरूप आली, त्या निर्णयावर माझी तक्रार नाही. पण नंतर कोणीही बसून सांगितलं नाही की नक्की काय झालं होतं. डिस्चार्ज कार्डवर 'एलएससीएस' (पिशवीच्या खालच्या भागातलं सिझर) एवढीच चार अक्षरं आणि गोळ्यांची नावं.

इकडे दुसऱ्या वेळी मिडवाइफची, म्हणजे शिकलेल्या सुईणीची, पहिली अपॉइंटमेंट झाली (इथे सगळं ठीक असेल तर नऊ महिने मिडवाइफच बघते, अडचण असेल तर किंवा आधीचं सिझर असेल तर डॉक्टरही) तेव्हा तिने विचारलेले प्रश्न ऐकून मी गप्पच झाले. पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा? कळा सुरू असताना पिशवीचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं होतं? बाळाचं डोकं कुठल्या बाजूला वळलेलं होतं? मी म्हणलं पोटावर तर आडवाच वण आहे. ती म्हणाली पोटावरचा नाही, आतला, पिशवीवरचा सांग, कारण वरचा आडवा असून आतला उभा असू शकतो, आणि सगळं त्याच्यावर ठरतं.

मग भावाला पुण्यातल्या त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला पाठवलं. इथे तुमच्या उपयोगाची गोष्ट सांगते, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट झालेल्या पेशंटचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपून ठेवायचे असतात आणि पेशंटने मागितले की ७२ तासात द्यायचे असतात. भावाला बऱ्याच चकरा माराव्या लागल्या पण ऑपरेशन नोट मिळाली. तीन-चार ओळीच होत्या, घाईच्या डॉक्टरी अक्षरात. छेद पिशवीच्या खालच्या भागात, आडवा, बाजूला फाटलेला नाही, तोंड ६ सेंटीमीटर. त्या व्हॉट्सॲपवरच्या वेड्यावाकड्या फोटोने माझ्या बाळंतपणाची दिशा ठरली असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे 'एकदा सिझर म्हणजे कायम सिझर' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते आलं न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन नावाच्या डॉक्टरांच्या १९१६ सालच्या भाषणातून. तेव्हा पिशवीवर उभा छेद घ्यायचे, वरच्या जाड स्नायूत, जो पुढच्या कळांमध्ये जास्त आकुंचन पावतो, त्यामुळे तो वण फाटायची भीती खरंच मोठी होती. आणि त्यांचा रोख होता तो पहिलं सिझर उठसूट करू नका याच्यावर. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या पातळ भागात आडवा छेद घ्यायची पद्धत पुढे आणली आणि आज बहुतेक सिझर तशीच होतात. शंभर वर्षांत छेद बदलला, वाक्य मात्र तसंच राहिलं.

विसाव्या आठवड्यानंतर आधीच्या सिझरवाल्यांसाठी वेगळी अपॉइंटमेंट झाली, तिथे डॉक्टरबाईंनी कागदावर दोन रकाने काढले. एकीकडे नॉर्मलचा प्रयत्न, दुसरीकडे तारीख ठरवून सिझर. इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१५ च्या मार्गदर्शनातले आकडे त्यांनी त्यात भरले. एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या १०० जणींपैकी ७२ ते ७५ जणींचं नॉर्मल होतं, आधी एखादं नॉर्मल झालेलं असेल तर ८५ ते ९०. पिशवीचा जुना वण कळांमध्ये फाटायची शक्यता साधारण २०० त एक. ठरवून सिझर केलं तर ती १०,००० त दोनपेक्षाही कमी. प्रयत्नात बाळ दगावण्याचा धोका १०,००० त ४, म्हणजे पहिलटकरणीच्या कळांमध्ये असतो तेवढाच. उलट ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळाला सुरुवातीला श्वासाचा त्रास होण्याचं प्रमाण थोडं जास्त, आणि पुढे अजून मूल हवं असेल तर दर सिझरला वार खाली बसण्याची, जुन्या वणात रुतून बसण्याची शक्यता वाढत जाते. सगळ्यात वाईट म्हणजे प्रयत्न करून शेवटी घाईघाईत सिझर, त्यात त्रास दोन्हीकडून, आणि १०० पैकी पंचवीसेक जणींचं तेच होतं हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं.

मग म्हणाल्या, तुझं पहिलं सिझर बाळ पुढे न सरकल्यामुळे आणि आधी नॉर्मल एकही नाही, त्यामुळे तुझा आकडा सरासरीपेक्षा कमी धरून चाल. मला हे फार आवडलं खरंच. गोड बोलून कोणी एका बाजूला ढकललं नाही. इथे २०१५ मध्येच सुप्रीम कोर्टाचा माँटगोमेरी नावाचा निकाल आला, स्कॉटलंडमधल्या एका डायबेटिस असलेल्या आईला बाळाचे खांदे अडकू शकतात हे आधी सांगितलंच गेलं नव्हतं आणि बाळाला कायमचं नुकसान झालं, तेव्हापासून समोरच्या बाईला महत्त्वाचा वाटेल असा प्रत्येक धोका आणि दुसरा पर्याय सांगणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. आणि काहीही कारण नसताना एखादीला सिझरच हवं असेल तर चर्चेनंतर तेही मिळतं.

घरी मात्र रामायण. आई म्हणाली, "अगं एकदा पोट फाडलंय, परत कशाला जिवाशी खेळ?" सासूबाईंनी फोनवर एवढंच म्हणलं की तुला जे झेपेल ते कर पण डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. नवऱ्याने तर ऑकेंडन रिपोर्ट वाचून काढला. २०२२ मध्ये आलेला हा रिपोर्ट श्रूजबरी आणि टेलफर्डच्या हॉस्पिटलांबद्दलचा आहे, तिथे नॉर्मलच्या आग्रहापायी कित्येक बायकांना वेळेवर सिझर मिळालं नाही, वेगळी काळजी मिळाली असती तर २०१ बाळं वाचू शकली असती असं त्यात म्हणलंय. तो म्हणाला हे वाचल्यावर मला नॉर्मल या शब्दाचीच धास्ती वाटते. त्याचं बरोबरच होतं. नॉर्मल म्हणजे काही पदक नाही, आणि मला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं.

मला ते हवं होतं ते साध्या कारणांसाठी. लेक तीन वर्षांची, रात्री उठली की कडेवर घेतल्याशिवाय झोपत नाही. नवऱ्याला बाळंतपणाची रजा दोन आठवडे, आईचा व्हिजिटर व्हिसा संपला की घरात आम्ही दोघंच. सिझरनंतर पहिले काही आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. आणि तिसऱ्या बाळाचं दार मला पूर्ण बंद करायचं नव्हतं.

आई इकडे आल्यावर तिला घेऊनच पुढच्या अपॉइंटमेंटला गेले. तिने मराठीत विचारलं, मी सांगितलं इंग्लिशमध्ये: "माझ्या लेकीची पिशवी फाटली तर किती वेळात ऑपरेशनला नेणार, आणि रात्री भूल द्यायला कोण असतं?" डॉक्टरबाई आईकडे वळून बसल्या आणि तिलाच उत्तर दिलं, की ऑपरेशन थिएटर लेबर वॉर्डच्या त्याच कॉरिडॉरमध्ये आहे, भूलतज्ज्ञ चोवीस तास, रक्त तयार, आणि असं काही वाटलंच तर आम्ही थांबत नाही. आईचा चेहरा तिथेच सैल झाला. माझ्या मते संपूर्ण नऊ महिन्यात विचारलेला तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता आणि तो मला सुचला नव्हता, आईला सुचला.

प्लॅन असा ठरला: आपोआप कळा सुरू झाल्या तर प्रयत्न, ४१ आठवड्यांपर्यंत नाही झाल्या तर सिझर, तारीख आधीच बुक. औषधाने कळा सुरू करायला मी नको म्हणलं कारण त्याने वण फाटायची शक्यता दोन ते तीन पट वाढते. घरी बाळंतपण, पाण्याच्या टबात वगैरे हौस मी मनातून काढून टाकली, हॉस्पिटलच.

कळा सुरू झाल्या रात्री, चाळिसावा आठवडा उलटल्यावर. फोन केला तर एरवी सांगतात तसं 'घरीच थांब, कळा जवळ येऊ देत' असं नाही, आधीचं सिझर म्हणल्यावर लगेच या. गेल्या गेल्या हाताला सुई लावून ठेवली आणि पोटावर दोन पट्टे, एक कळांचा, एक बाळाच्या ठोक्यांचा. हे सीटीजी सतत चालू ठेवतात कारण वणाला काही झालं तर बहुतेक वेळा आधी बाळाचे ठोके बिघडतात, आईला दुखायच्याही आधी. पट्टे वायरलेस होते म्हणून मला उभं राहता आलं, खिडकीशी कठड्याला धरून डुलता आलं. मी हलले की ठोक्यांची चकती सरकायची आणि आवाज जायचा, मग मिडवाइफ गुडघ्यावर बसून थंड जेल लावून ती परत शोधायची, टपटप टपटप सुरू झालं की मान वर करून माझ्याकडे बघायची. आणि दर थोड्या वेळाने तोच प्रश्न, दोन कळांच्या मधे जुन्या टाक्यांपाशी दुखतंय का? कळेत दुखणारच, मधे दुखलं तर सांग. रात्रभर ती एकटी माझ्याजवळ होती, दुसरं पेशंट तिला नव्हतंच.

वेदनांसाठी एन्टोनॉक्स घेतला, तोंडात नळी धरून ओढायचा गॅस, अर्धा ऑक्सिजन आणि अर्धा नायट्रस ऑक्साइड. डोकं गरगरतं पण कळ पार होते. एपिड्युरलही मिळतं, आधी सिझर असलं तरी, मला गरज वाटली असती तर घेतलं असतं. पहाटे ६ सेंटीमीटरवर येऊन अडकले. तोच आकडा! माझे डोळेच भरून आले. डॉक्टर आल्या, तपासलं, म्हणाल्या बाळाचे ठोके छान आहेत, आत्ता सिझर हवं असेल तर करू, थांबायचं असेल तर दोन तास थांबू आणि परत बघू. नवरा माझ्याकडे बघत होता, मी म्हणलं दोन तास. मिडवाइफने कुशीवर झोपवून गुडघ्यांमधे मोठ्ठा शेंगदाण्याच्या आकाराचा फुगा दिला, आणि पुढच्या तपासणीला तोंड पूर्ण उघडलेलं होतं.

जोर द्यायला तासापेक्षा जास्त लागला. टाके पडले, खालचे, ते आठवडाभर चांगलेच दुखले, नॉर्मल म्हणजे लगेच उड्या मारत घरी असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पण बाळ सरळ छातीवर आलं, ओलं, गरम, नाळ अजून जोडलेली, आणि थोड्या वेळाने चहा आणि बटर लावलेला टोस्ट आला. इतका चविष्ट टोस्ट मी उभ्या आयुष्यात खाल्ला नाहीये. दुसऱ्या दिवशी घरी, आईने बॅगेतून आणलेल्या अळिवाची खीर केली, आणि संध्याकाळी लेक कडेवर. जपून घेतली, पण घेतली.

आमच्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीला त्याच महिन्यात तेच दोन रकाने दाखवले होते, तिने ठरवून सिझर घेतलं. पहिल्या वेळच्या कळांची आठवण तिला अजून झोपू देत नाही. ती आनंदात आहे, बाळ गुटगुटीत आहे, आणि कोणी तिला 'प्रयत्न तरी करायचास' म्हणलं तर मला भयंकर राग येतो.

आता तिकडचं. आपल्याकडे २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी हॉस्पिटलमधल्या बाळंतपणांपैकी ४७ टक्क्यांहून जास्त सिझर होती, सरकारीत १४ च्या आसपास. इथेही प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेलंय, तेव्हा इकडचं सगळं भारी असं मला म्हणायचंच नाही. आणि तालुक्याच्या गावी एकट्या डॉक्टरचं नर्सिंग होम असेल, भूल द्यायला माणूस फोन केल्यावर स्कूटरवरून येणार असेल, रक्तपेढी तासाभरावर असेल, तर ते डॉक्टर दुसरं सिझरच म्हणतात ते बरोबरच करतात. तिथे हट्ट करू नका. पण पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी जिथे थिएटर, भूलतज्ज्ञ, रक्त सगळं चोवीस तास एकाच छताखाली आहे तिथे विचारायला काय हरकत आहे? विचारा की आतला छेद कसा होता, पहिलं सिझर कशामुळे झालं, तेच कारण परत येईल का (बाळ आडवं किंवा पायाळू होतं म्हणून झालं असेल तर या वेळी ते तसं असेलच असं नाही), रात्री ठोके सतत कोण बघणार. उभा छेद असेल, पिशवी आधी कधी फाटली असेल, वार तोंडावर असेल तर विषयच संपला, नॉर्मल नाही. दोन बाळंतपणांत अंतर फार कमी असेल तरी धोका वाढतो.

माझ्या नणंदेला सहावा चालू आहे, नाशिकला, पहिलं सिझर पायाळू बाळामुळे. तिने परवाच ऑपरेशन नोट मागवून घेतली आणि तिच्या डॉक्टरांसमोर ठेवली, ते म्हणाले छेद चांगला आहे, छत्तिसाव्या आठवड्यात बाळाची पोझिशन बघून बोलू. तिला अजून दोन्ही वाटतंय, आज हे, उद्या ते. मी तिला फक्त माझा तो दोन रकान्यांचा कागद फोटो काढून पाठवलाय, आकड्यांसकट, आणि आईचा प्रश्न वर मोठ्या अक्षरात लिहिलाय.