सांगलीला कोण आहे तुमचं?

मार्चच्या आत रजा संपवा नाहीतर लॅप्स होईल असं ऑफिसात सांगितलं, चार दिवस उरले होते, आणि मी सांगलीला जाते म्हटलं तर घरात, ऑफिसात, अगदी सोसायटीच्या लिफ्टमध्ये सुद्धा एकच प्रश्न, सांगलीला कोण आहे तुमचं? कोणी नाही. लग्न आहे का? नाही. मग वाडीला का, दत्ताला? तेही नाही, नुसतं फिरायला. एकटी. यावर लोक आधी गप्प होतात आणि मग हळू आवाजात विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना.

खरं कारण सांगायला लाजच वाटत होती. लहानपणी आम्ही दर मे महिन्यात बेळगावला मामाकडे जायचो आणि तेव्हा मिरजेला गाडी बदलावी लागायची, इकडची रुंद रुळांवरची गाडी सोडून पलीकडच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीत बसायचं. अर्धी झोप, ट्रंका, फिरकीचा तांब्या, बाबांची धावपळ. मिरज म्हणजे माझ्या डोक्यात आख्खं गाव नव्हतंच, एक प्लॅटफॉर्म होता. इतक्या वर्षांत स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही हे एकदा भांडी घासताना लक्षात आलं आणि ते डोक्यातून जाईना. बस एवढंच.

तर प्लॅनिंग. मी मांस-मच्छी खात नाही, अंडंही नाही, आणि सांगली-कोल्हापूरकडे काय खावं असं शोधलं की पुढ्यात येतो तो तांबडा, पांढरा, सुकं, खिमा, उकड. पंधरा-वीस जागा चाळल्यावर शेवटी एखाद्याने उपकार केल्यासारखं लिहिलेलं, व्हेजवाल्यांनाही मिळतं. मी मग वहीत तीन दिवसांची जेवणं लिहून काढली, सकाळ-दुपार-रात्र असे रकाने आखून, मॅपवर प्युअर व्हेज दिसेल तिथे टिंब. कोणत्या देवळात जायचं, कुठला पूल बघायचा यातलं काहीच ठरलं नव्हतं पण मंगळवारी रात्री कुठे जेवायचं ते ठरलं होतं. नवरा म्हणाला ही सहल आहे की केटरिंग.

रूमचा किस्सा वेगळाच. पहिल्या लॉजवाल्याने फोनवर सांगितलं, एकट्या लेडीजला देत नाही मॅडम. का? देत नाही. दुसरा म्हणाला मिस्टर बरोबर असतील तर या. मी पंचेचाळीस वर्षांची बाई, बँकेत लोकांची लाखांची कर्जं पास करते, आणि मला झोपायला खोली हवी तर मिस्टर हवेत. तिसऱ्याने आधारकार्ड मागितलं आणि हो म्हणाला, विश्रामबागला, चौदाशे रुपये, गरम पाणी सकाळी सात ते नऊ. मी त्याला तीनदा थँक्यू म्हटलं, त्याला बहुतेक काही कळलं नसेल.

महालक्ष्मीने कल्याणहून रात्री बसले, पहाटे सांगली. पहिला दिवस गणपती मंदिर, काळ्या दगडातलं, पटवर्धन संस्थानिकांनी बांधलेलं, आणि तिथून चालत आयर्विन पूल. पूल १९२९ चा. फेब्रुवारीत कृष्णा इतकी खाली आणि इतकी शांत असते की २०१९ ला याच पुलापाशी ५७ फुटांच्या वर पाणी होतं हे खरंच वाटत नाही. शेजारी उभे असलेले एक आजोबा, मी काही विचारलं नव्हतं तरी, समोरच्या एका घराकडे बोट दाखवून म्हणाले, त्या वरच्या खिडकीतनं आमाला होडीत घेतलं बघा. आणि लगेच दुसरा प्रश्न, कुणाकडं आलाय? कुणाकडे नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पुलाच्या कठड्यापासून मला दोन पावलं आत घेतलं. मला आधी कळलंच नाही त्यांना काय वाटलं ते, रिक्षात बसल्यावर कळलं.

रात्री वहीतलं पहिलं टिंब बंद निघालं, शटरवर कुलूप आणि भाड्याने देणे आहेचा बोर्ड. शेजारच्या व्हेज-नॉनव्हेज हॉटेलात शिरले. व्हेज कोल्हापुरी मागवली आणि आपलं नेहमीचं विचारलं, वेगळ्या भांड्यात करता ना? पोरगा एकदम प्रामाणिक. म्हणाला, ताई, ग्रेव्ही एकच असतीय, तुमच्यात भाज्या घालतो, त्यांच्यात चिकन घालतो. मग विचारलं तुमचा वार हाय काय आज? वार नाही, मी खातच नाही. मग माळकरी? माळकरी पण नाही. तो बिचारा गोंधळला. आपल्याकडे न खाण्याला वार लागतो, नाहीतर गळ्यात तुळशीची माळ लागते, श्रावण लागतो, नुसतंच न खाणारा माणूस कुठल्या खात्यात टाकायचा हे कुणाला कळत नाही. शेवटी दही-भात खाल्ला आणि येताना भडंग घेतलं पावशेर. रात्री रूमवर टीव्ही लावून पलंगावर मांडी घालून भडंग खाल्लं, वर लसणाचे तळलेले काप, शेंगदाणे, कढीपत्ता कुरकुरीत. इतकं छान झालं होतं की पहिल्या दिवसाचं एकमेव खरं जेवण तेच.

आता दुसऱ्या दिवसाची दुपार, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

सकाळी मार्केट यार्डात गेले होते हळद बघायला. हळदीचा सीझन नुकताच सुरू झालेला. पोत्यांच्या थप्प्या, फोडून ओतलेले ढीग, एक माणूस हळकुंड खाडकन मोडून आतला रंग बघतो आणि टाकून देतो, परत दुसरं उचलतो. हवेतच हळद. मला सलग नऊ शिंका आल्या, क्रीम कलरची ओढणी होती ती कायमची गेली. (क्रीम कलरची ओढणी घालून हळदीच्या बाजारात कोण जातं, मला माहिती आहे, नका सांगू.) तिथून भुकेने कळवळून स्टॅंडच्या बाजूला एका खानावळीत शिरले. शुद्ध शाकाहारी, घरगुती, ताट एकशेवीस, फळ्यावर खडूने लिहिलेलं, भरलं वांगं, मटकी, शाळूची भाकरी. कृष्णाकाठची वांगी खायचीच असं वहीत दोन रेघा मारून लिहिलं होतं माझ्या.

कोपऱ्यातलं दोन खुर्च्यांचं टेबल धरलं. समोरच्या खुर्चीत माझी पिशवी ठेवली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वाढणारा पोरगा आजूबाजूने चार वेळा गेला, माझ्यानंतर आलेल्या दोन माणसांना ताटं आली, त्यांच्या भाकऱ्या पण बदलून झाल्या. मी हात वर केला, त्याने मान हलवली, होय होय, आणि गेला निघून. पाणी तेवढं ठेवलं, तेही दोन ग्लास. माझं डोकं तापायला लागलं. लॉजवाले आठवले, पुलावरचे आजोबा आठवले, म्हटलं एकट्या बाईला आता जेवायला पण वाढत नाहीत काय. वीस मिनिटांत मी मनातल्या मनात एक जळजळीत रिव्ह्यू लिहून काढला होता, एक स्टार, वर मथळा पण सुचला होता.

तेवढ्यात एसटीच्या एक कंडक्टर बाई आल्या, खाकी कपडे, खांद्याला पट्टा, माझ्याहून आठदहा वर्षांनी लहान असतील. जागा कुठेच नव्हती. म्हणाल्या, ही पिशवी तुमची? कोण येनारंय का?

नाही, कोणी नाही.

मग उचला की ओ. त्ये पोरगं कवापासून तुमच्या मानसाची वाट बगतंय.

मी त्या दोन ग्लासांकडे पाहिलं.

पिशवी उचलली, त्या बसल्या, आणि खरोखर एका मिनिटात दोन ताटं आली. पोरगा म्हणाला, सर नाही आले व्हय? इतका सरळ चेहरा होता त्याचा की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता कबुली. ती पिशवी जागेअभावी नव्हती ठेवली, मांडीवर सहज मावते. मी ती मुद्दाम ठेवते. ऑफिसच्या कामाला पुण्याला जाते तेव्हाही ठेवते. समोर पिशवी असली की बघणाऱ्याला वाटतं हिचं कोणीतरी येतंय, हात धुवायला गेलंय, गाडी लावतंय. मग मी फोन बघत आरामात जेवते. म्हणजे सगळ्या गावाशी मी भांडत होते की एकटीला एकटी म्हणून वाढा आणि माझी पिशवीच गावभर सांगत फिरत होती की ही एकटी नाही.

कंडक्टर बाई जेवत होत्या ते बघण्यासारखं होतं. तिकिटाचं मशीन टेबलावर नाही ठेवलं, मांडीवर, त्यावर रुमाल, कारण रस्सा सांडला तर भरून द्यायला लागतंय म्हणे. शाळूची भाकरी ताटात कुस्करली, त्यावर मटकीचा रस्सा ओतला, मध्ये खळगं करून दही, कांदा मुठीनं फोडला. बारा मिनिटांत ताट लख्ख. मी अजून वांग्याच्या देठापाशी होते. वांगं मात्र काय सांगू, लहान, काटेरी देठाचं, बियांचा पत्ता नाही, शेंगदाण्याचं कूट आणि तिखट आतपर्यंत मुरलेलं, तेल बाजूला सुटलेलं. तिखट इतकं की डोळ्यांतून पाणी, ते एका अर्थी बरंच झालं.

मी विचारलं, तुम्ही रोज एकट्याच जेवता? त्यांना प्रश्नच कळला नाही. डायवर वेगळं जेवत्यात, मी वेगळी, टाइम कुठं जुळतोय. मुक्कामी गाडी असली की मिळंल तिथं. आणि व्हेजचं कसं करता? तर म्हणाल्या घरात समदी खात्यात, मी वार पाळते, सोमवार, गुरुवार, शनिवार, त्यात एकादशी, चतुर्थी, मग ऱ्हायलं काय? आणि हसल्या. त्यांची युक्ती अशी, हॉटेलात रश्श्याची चौकशी करत बसायचंच न्हाई, खोटं बोलत्यात न्हाईतर खरं बोलत्यात, दोन्हीचा तरासच. सुकी भाजी सांगायची, दही सांगायचं, आणि शेंगदाण्याची चटणी आपली आपल्याजवळ पायजे. डबी काढून दाखवली, स्टीलची, झाकणाला रबर लावलेलं. अर्धी चटणी माझ्या ताटात ओतली न विचारता. माझी तीन दिवसांची वही, रकाने, टिंबं, आणि त्यांची ही एक डबी.

मला कुणाकडं आलाय असं त्यांनी विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाल्या, आख्खा मसूर खाल्ला न्हाई अजून? मग काय केलं सांगलीत येऊन. आणि पळाल्या, गाडी लागली होती.

तर त्या रात्री आख्खा मसूर. मूळचा इस्लामपूर-कराडकडचा, हायवेच्या ढाब्यांवर गाजलेला, आता सांगलीत जागोजागी. डाळ न करता सबंध मसूर, कांदा-टोमॅटो, लसूण आणि घाटी मसाल्यात घट्ट शिजवलेला, वर रोटी. आमच्याकडे घरी मसुराची आमटी होते ती याच्यापुढे औषधासारखी लागेल. एक प्लेट म्हणजे दोघांची, हाफ मिळत नाही. मी प्लेट संपवली नाही, उरलेला बांधून घेतला आणि सकाळी गरम पाण्याच्या वेळेत, सात ते नऊ, गारच खाल्ला. अजून चांगला लागतो.

तिसरा दिवस मिरज. प्लॅटफॉर्मच्या बाहेर आले, सतारमेकर गल्लीत दुकानांतून टांगलेले वाळके भोपळे बघितले, एका कारागिराने तंबोऱ्याची तार छेडून दाखवली, मीरासाहेबांचा दर्गा केला, आणि परत स्टेशनवर येऊन बाबांच्या नावाने एक चहा घेतला. चहा भिकार होता.

भावे नाट्यमंदिर बाहेरून पाहिलं, प्रयोग नव्हता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात पहिलं मराठी नाटक केलं आणि मी गेले त्या रात्री काहीच नाही, नशीब आपलं. हरिपूरला संध्याकाळी गेले, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. तिथे जमिनीत खोल पेवं असायची हळद साठवायला, माती अशी की वर्षानुवर्षं कीड लागायची नाही, २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच गेली. रिक्षावाल्याने एक बुजलेली जागा दाखवली, वर गवत, म्हशी बांधलेल्या.

चौथ्या दिवशी परतीची गाडी रात्री होती म्हणून शेवटी वाडीला गेलेच, नृसिंहवाडी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. मी प्रत्येक कंडक्टरचा चेहरा बघत होते पण त्या काही दिसल्या नाहीत, आणि दिसल्या असत्या तरी काय म्हणणार होते देव जाणे. दत्ताचं दर्शन घेतलं, घाटाच्या पायऱ्यांवर बसले, गर्दी नव्हती. मग बासुंदीच्या दुकानात. टेबल चार खुर्च्यांचं, पिशवी मांडीवर घेतली. पोराने विचारलं, किती?

दोन, म्हटलं.

त्याने दोन वाट्या आणल्या, एक माझ्यापुढे ठेवली आणि दुसरी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मी ती अलीकडे ओढली.