तालीम, टेलर आणि करकरणारं पायताण

मध्यंतरी प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापूरचं नाव न घेता कोल्हापुरी चप्पल दिसली आणि केवढा गदारोळ झाला, तेव्हापासून मला आमची कोल्हापुरातली चप्पल लाईन लई आठवतीय. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिवाजी चौकाजवळच्या त्या रांगेत आम्ही पोरं शिरलो की पहिला प्रश्न ठरलेला, "मामा, आवाज करतंय न्हवं?" मग मामा पायताण हातात घेऊन वाकवून दाखवायचे, तळाच्या थरांत विंचू नावाच्या झाडाच्या बिया घातलेल्या असायच्या, त्यामुळं चालताना कर्र कर्र असा काय आवाज यायचा की गल्लीच्या तोंडाशी कोण आलं ते घरात बसून कळायचं. पहिले काही दिवस चावायचं, रात्री गोडेतेल चोळून ठेवायचं, पण सकाळी तेच घालायचं.

कपड्यांसाठी महाद्वार रोडचा टेलर. आधी सगळ्यांना बेलबॉटम पाहिजे होती, नंतर बॅगी आली, आणि एकानं शिवली की आठवड्यात अख्ख्या तालमीची पोरं तसलीच पँट घालून हजर.

तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा न्हवं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ ला खासबाग मैदान उभं केलं, पेठापेठांत तालमी वाढल्या. आत लाल माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळलेलं, तो वास अजून नाकात आहे. पण बाहेरच्या कट्ट्यावर कॅरम, गणपतीची वर्गणी, कुणाच्या घरी लग्न असलं तर मांडवाची कामं, सगळं तिथंच ठरायचं. आणि फुटबॉल! पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, असल्या तालमी-मंडळांच्या टीमा, शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानदारांचं पण गिऱ्हाइकाकडं लक्ष नसायचं. जिंकलो तर गुलाल, हरलो तर दोन दिवस दुसऱ्या पेठेतून जायचं नाही. मॅचनंतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर, म्हैस समोर पिळायची आणि फेसासकट ग्लास हातात, धारोष्ण.

आता टेलरच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. तालमी मात्र आहेत, टीमा पण आहेत, आणि माझं स्पष्ट मत आहे की एसी जिमला पैसे भरणाऱ्या बापांनी पोराला एकदा तरी तालमीच्या कट्ट्यावर बसवावं. यंदाच्या सीझनला मी भाच्याला घेऊन स्टेडियमवर जाणार आहे, आधी चप्पल लाईनला त्याच्या मापाचं पायताण घ्यायचं, आवाजाचंच.