मासे मरत नाहीत, तरी पाणी घातक असू शकतं

जलचरांसाठी पाण्यातल्या रसायनाची मर्यादा ठरवताना पहिला आकडा बहुधा ९६ तासांच्या चाचणीतून येतो: किती प्रमाणाला निम्मे मासे मरतात? हार्मोनचं काम बिघडवणाऱ्या रसायनांना हे माप लावूच नये.

गर्भनिरोधक गोळ्यांतलं एथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन घ्या. मासे मरायला ते लिटरला मिलिग्रॅमच्या घरात लागतं. कॅनडातल्या ऑन्टारियोच्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ या काळात ते लिटरला जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम राखलं होतं; नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. तेवढ्यावर फॅटहेड मिनो जातीच्या नरांत व्हायटेलोजेनिन, म्हणजे एरवी माद्यांत बनणारं बलकाचं प्रथिन, तयार झालं. वृषणांची वाढ बिघडली, पुढची पिढी आलीच नाही आणि तळ्यातला तो मासा जवळजवळ संपला.

म्हणून मर्यादेचा पाया प्रजननावर हवा. अंड्यापासून पुढच्या पिढीच्या पिल्लांपर्यंत चालणारी चाचणी घ्यावी. लिंग ठरण्याचा काळ त्यातून निसटला तर निष्कर्ष फसवा. प्रौढ माशांवरची २१ दिवसांची चाचणी धोका हेरायला चांगली, आकडा ठरवायला अपुरी. व्हायटेलोजेनिन वाढणं ही इशाऱ्याची खूण. मर्यादा मात्र फलित अंडी आणि नर-मादी प्रमाण यांवरून काढावी. प्रजातीही रसायन पाहून निवडायची. जहाजांच्या रंगात पूर्वी सर्रास वापरलेल्या ट्रायब्युटिल टिनचा घाव माशांआधी समुद्री गोगलगायींवर बसतो, लिटरला नॅनोग्रॅमभर प्रमाणातही माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं.

चाचणीत पाणी वाहतं ठेवा आणि टाकीतलं प्रमाण वरचेवर मोजा. रसायन नळ्यांना चिकटतं, जिवाणू ते खातात; घातलेला डोस खरा मानला तर मर्यादा सैल निघते.

खरी अडचण पुढे आहे: इतकं कमी प्रमाण मोजायचं कसं? युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये एथिनिल इस्ट्राडिओलसाठी लिटरला ०.०३५ नॅनोग्रॅम ही वार्षिक सरासरी सुचवली. तिथल्या नियमानुसार प्रयोगशाळेला मर्यादेच्या ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ०.०१ नॅनोग्रॅम, खात्रीने मोजता आलं पाहिजे. सांडपाण्यातल्या इतर द्रव्यांमुळे उपकरणातला संकेत दबतो, म्हणून नमुना गाळून सांद्र करण्याआधीच त्यात ड्युटेरियमयुक्त मानक, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं तेच रसायन ठरावीक प्रमाणात, मिसळावं. नमुना काचेच्या गडद बाटलीत घ्यावा. प्लॅस्टिकमधून बिस्फेनॉल झिरपू शकतं, आणि तेही स्त्री-हार्मोनसारखं वागतं.

इस्ट्रोन व इस्ट्राडिओल ही नैसर्गिक स्त्री-हार्मोनं आणि तसंच वागणारं औद्योगिक रसायन नॉनिलफिनॉल यांचे परिणाम एकमेकांत भर घालतात. त्यामुळे सुट्या आकड्यांच्या जोडीला पेशींवरच्या चाचणीने एकूण इस्ट्रोजेनी (स्त्री-हार्मोनसारखा) प्रभावही मोजावा. आणि अहवालात ‘आढळले नाही’ लिहिलं, तर किती प्रमाणापर्यंत शोधलं तो आकडा त्याच ओळीत हवा.