नाटकाची डिग्री घेऊन पुढे काय? तुम्ही विचारलंत म्हणून

मुलाला नाटकात डिग्री करायचीय, पुढे पोट भरेल का, हे मला सतत कुणीतरी विचारतं, जास्त करून आईवडील. मी नाट्यशास्त्रात एमए केलंय आणि घर याच कामावर चालतं, म्हणून जे माहितीये ते सरळ सांगते.

अ‍ॅक्टिंगचं काम डिग्री बघून मिळत नाही. ऑडिशनला मार्कशीट कुणीच मागत नाही. नाटकात नाईट मिळते म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, सिरियलमध्ये पर डे ठरतो आणि तो हातात यायला बऱ्याचदा तीन महिने जातात. कागद म्हणून डिग्री लागते ती शिकवायला. असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर साधारणपणे मास्टर्सला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएचडी, पण पर्मनंट जागा फार थोड्या, बरेच जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काढतात आणि याचा मला मनापासून राग येतो.

मग पालक म्हणतात, डॉ. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे, ही नाटकातली मोठी माणसं सगळे डॉक्टर, नाटककार सतीश आळेकर बायोकेमिस्ट, त्यांना कुठे डिग्री लागली? खरंय. पण ही सगळी माणसं पुण्यात होती, पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) ही नाट्यसंस्था होती, नंतर 1973 पासून थिएटर अकॅडमी हा नाटकाचा ग्रुप होता, रोज संध्याकाळी तालमीला जायला हक्काची जागा आणि सोबत तितकीच वेडी माणसं. आणि हेच आळेकर 1996 ला नोकरी सोडून पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले, म्हणजे नाटक नीट शिकवायला हवं असं त्यांनाही वाटलंच असणार ना.

लातूर, परभणी, चंद्रपूरच्या पोराला असा ग्रुप कुठून मिळणार? त्याच्यासाठी डिग्री म्हणजे दोन-तीन वर्षं होस्टेल, लायब्ररी, तालमीचा हॉल आणि चुकलं की तिथल्या तिथे सांगणारे मास्तर. दिग्दर्शक वामन केंद्रे बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून दिल्लीला एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि पुढे त्याच संस्थेचे डायरेक्टर झाले. प्रत्येकाचं असं होणार नाही हे मलाही कळतं, पण तो दरवाजा गावाकडच्या पोरांना उघडा राहिला पाहिजे असं मला फार वाटतं.

आणि कोर्समध्ये फक्त अभिनय धरून बसू नका. लाईट्स शिका, नेपथ्य, रंगभूषा, साऊंड ऑपरेट करणं, काहीही एक हातात पक्कं बसू दे, कारण नट शेकड्याने मिळतात पण प्रयोगाच्या दिवशी क्यू, म्हणजे लाईट बदलायची नेमकी वेळ, न चुकवणारा लाईटवाला सगळ्यांनाच हवा असतो, माझ्या बॅचमधल्यांना पहिली नियमित कमाई बॅकस्टेजनेच दिली. लहान मुलांची शिबिरं घेता आली तर उन्हाळाही निघतो.

अ‍ॅडमिशनच्या आधी त्या विभागाचं एक प्रॉडक्शन जाऊन बघा. वर्षाला किती नाटकं उभी राहतात, लाईट मुलं स्वतः करतात की बाहेरून माणूस येतो, हे तिथल्या सिनियर पोरांनाच विचारा.