हिवाळी अधिवेशनातले नागपूर, गॅलरीतून

डिसेंबरात नागपूरला जाणारा माणूस सहसा संत्री, हुरडा किंवा ताडोबा यांपैकी एखाद्या ओढीने जातो. २०२४ च्या डिसेंबरात मी गेलो तो राज्याच्या मुख्यमंत्र्यांना विरोधक सभागृहात कसे प्रश्न विचारतात, हे प्रेक्षक गॅलरीत बसून पाहण्यासाठी. टीव्हीवर दिसतो तो पायऱ्यांवरच्या घोषणांचा आणि फलकांचा भाग; प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जे घडते ते तिथे फारसे दिसत नाही.

स्टेशनवर उतरून टेकडी गणपतीचे दर्शन घेतले, की झिरो माईल आणि पुढे सिव्हिल लाईन्समधले विधानभवन हे अंतर पायी जाण्यासारखे आहे. एरवी हा शहराचा निवांत, झाडांचा भाग. अधिवेशनाच्या काळात मात्र रस्त्यारस्त्यावर लोखंडी कठडे, परजिल्ह्यांतून आलेले पोलीस आणि लाल दिवा गेला तरी रुबाब न गेलेल्या गाड्या. यशवंत स्टेडियमच्या बाजूला अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, कंत्राटी कर्मचारी अशा मंडळींची धरणी आणि मोर्चे सुरू असतात. सीताबर्डीजवळ गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनाकडे निघालेला आदिवासी गोवारींचा मोर्चा पोलिसांनी अडवला आणि त्यानंतरच्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. सभागृहाकडे जाताना वाटेत हे स्मारक लागते, आणि ते पाहून पुढे गेलेल्या माणसाला आतला प्रश्नोत्तरांचा खेळ केवळ खेळ वाटत नाही.

मुंबईतले सरकार फायलींसकट इथे येते ते विदर्भाला मराठी राज्यात घेण्यासाठी नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारामुळे. वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात व्हावे, असे त्यात ठरले आणि १९६० पासून, करोनासारखे अपवाद वगळता, ते पाळले गेले. किती दिवसांचे, हा वैदर्भीयांचा जुना राग आहे. २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे एका आठवड्यातच आटोपले.

गॅलरीचा पास आमदारांच्या शिफारशीने मिळतो. फोन आणि पिशवी बाहेर ठेवून, तपासणीचे टप्पे ओलांडून आत गेलो, की अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी आणि डाव्या हाताला विरोधक अशी मांडणी दिसते. डावीकडचा पहिला बाक विरोधी पक्षनेत्याचा. त्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो आणि तो उभा राहिला की अध्यक्षांनी त्याला बोलू द्यावे, असा संकेत आहे. मी गेलो तेव्हा विधानसभेत हे पदच रिक्त होते. २८८ जणांच्या सभागृहात महायुतीकडे २३० आणि विरोधकांतल्या सर्वात मोठ्या पक्षाकडे, म्हणजे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे, अवघे २० आमदार होते. या पदासाठी पक्षाकडे सभागृहातल्या किमान दहा टक्के जागा हव्यात, हा दंडक पुढे केला जात होता आणि मान्यता देणे न देणे अध्यक्षांच्या हाती होते. विधान परिषदेत मात्र अंबादास दानवे विरोधी पक्षनेते म्हणून उभे राहत होते.

दुसरी गंमत सत्ताधारी बाकांवर होती. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, पण खातेवाटप झाले ते थेट २१ तारखेला. आठवडाभर बिनखात्याचे मंत्री सभागृहात बसले होते आणि विषय कोणताही असो, विचारणेचा रोख शेवटी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडेच जात होता.

विधानभवनाबाहेर चहा घेताना एका ओळखीच्या जुन्या वार्ताहराने पिशवीतून मागच्या कुठल्याशा अधिवेशनातली तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची छापील यादी काढून दाखवली. अमुक गावात अमुक घडले, 'हे खरे आहे काय'. 'असल्यास' शासनाने कोणती कार्यवाही केली. 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. समोर उत्तर: 'हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.' फारच झाले तर 'हे अंशतः खरे आहे.' या छापील उत्तरात कोणी अडकत नाही. अडकतो तो उपप्रश्नात, आणि तोही एकाच माणसाने, धागा न सोडता, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारला तर. विरोधी पक्षनेत्याचे मोल मला इथे दिसते.

याच नागपुरात २०१९ च्या डिसेंबरात विरोधी पक्षनेते फडणवीस होते आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे. अवकाळी पावसाने पिके गेलेल्या शेतकऱ्यांना हेक्टरी २५ हजार रुपये द्यावेत, अशी मागणी ठाकरे यांनी पद मिळण्यापूर्वी केली होती. आता ते पैसे कधी देणार, हा एकच प्रश्न भाजपने आठवडाभर लावून धरला. शेवटच्या दिवशी ठाकरे यांनी दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा केली आणि सातबारा कोरा झाला नाही म्हणून विरोधकांनी सभात्याग केला. हेक्टरी मदतीचे काय, हा प्रश्न तसाच राहिला, पण सरकारला मोठी घोषणा नागपुरातच करावी लागली.

२०२४ मध्ये दोन विषय पेटलेले होते: बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून आणि परभणीत न्यायालयीन कोठडीत असलेल्या तरुणाचा मृत्यू. विरोधकांनी ते मांडले, पण प्रत्येक पक्षाचा वेगळा वक्ता, प्रत्येकाची वेगळी मागणी. आणि बीडबद्दल सर्वात टोकदार बोलले ते सत्ताधारी भाजपचे सुरेश धस. २० डिसेंबरला मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिले. दोन्ही प्रकरणांची न्यायालयीन चौकशी, बीडसाठी विशेष तपास पथक, तिथल्या पोलीस अधीक्षकांची बदली आणि मृतांच्या कुटुंबांना दहा लाखांची मदत त्यांनी जाहीर केली. उत्तर मुद्देसूद होते; समोरच्या बाकावरून हीच कला त्यांनी अडीच वर्षे वापरली होती, त्यामुळे कोणता प्रश्न कुठून येणार हे त्यांना आधीच दिसत असावे. अनेक तोंडांनी आलेल्या प्रश्नांपैकी कशाला किती वेळ द्यायचा, हे मात्र उत्तर देणाऱ्याच्याच हाती राहिले, आणि हे एवढ्या उंचावरूनही स्पष्ट दिसत होते.

पुढच्या खेपेला कोणी जाणार असेल, तर हॉटेल महिनाभर आधी ठरवावे, कारण अधिवेशनात सीताबर्डीतली खोली मिळणे कठीण आणि मिळाली तरी भाडे दुप्पट. सकाळी तर्री पोहे खाऊनच निघावे. पास शेवटच्या दोन दिवसांचा मागावा. पहिला दिवस शोकप्रस्ताव आणि पुरवणी मागण्या, म्हणजे जादा खर्चाचे प्रस्ताव, मांडण्यात जातो, मुख्यमंत्री उभे राहतात ते बहुधा अखेरीस.